येळ्ळूरच्या शिवारातील तीन मोटरींचे रॉकेट

बेळगावच्या दक्षिणेस येळ्ळूरच्या शिवारात भाताची कापणी आणि मळणी उरकली की रान मोकळे होते आणि राजहंसगडाचा तट थेट नजरेत येतो. सांबऱ्याच्या विमानतळापासून दूर असलेल्या या रानात मराठी शाळेतील नववीची सात मुले आणि त्यांचे विज्ञानाचे सर आज पुठ्ठ्याचे एक रॉकेट घेऊन आले आहेत. या रॉकेटच्या बुडाशी तीन मोटरी आहेत आणि त्या तिन्ही एकाच क्षणी पेटायला हव्यात.

शेताचे मालक बांधावर बसून हे सारे पाहत आहेत. या भागात मोटर म्हणजे विहिरीवरचा पंप, आणि ‘मोटर जळाली’ ही कोणत्याही घरातली वाईट बातमी. त्यामुळे मुलांनी मोटर जाळण्यासाठीच आणली आहे, हे त्यांच्या गळी उतरवायला सरांना बराच वेळ लागला.

मुलाच्या तळहातावर दिसते ती रॉकेटची मोटर म्हणजे सात सेंटिमीटर लांबीची आणि १८ मिलिमीटर व्यासाची जाड कागदी नळी. तिच्या तळाशी मातीची बारीक तोटी, त्यावर ठासून भरलेली बंदुकीची दारू, त्यावर सावकाश जळणारा विलंबाचा थर आणि सर्वांत वर पॅराशूट बाहेर ढकलणारी चिमूटभर दारू असते. नळीवर छापलेल्या ‘सी६-५’ या खुणेतच तिची सगळी कुंडली आहे: ‘सी’ म्हणजे पाच ते दहा न्यूटन-सेकंद इतका एकूण आवेग (रेटा गुणिले वेळ), सहा म्हणजे न्यूटनमधला सरासरी रेटा, आणि पाच म्हणजे दारू जळून गेल्यावर पॅराशूट सुटेपर्यंतचे सेकंद. दारू कारखान्यातच भरून यावी आणि पोरांनी ती कालवत बसू नये, ही कल्पना अमेरिकेतील नेब्रास्कातल्या ऑर्व्हिल कार्लाइल या चपलांच्या दुकानदाराची. १९५७ मध्ये जी. हॅरी स्टाइन यांच्या हाती त्याचे नमुने पडले आणि तिथून हा छंद पसरला. आपल्याकडे मात्र अशी दारू १८८४ च्या स्फोटकांच्या कायद्याखाली येते, त्यामुळे मोटरींचा व्यवहार परवानाधारकामार्फतच झाला.

किटमधली माहितीपुस्तिका इंग्रजीत होती. मुलांनी ती फळ्यावर मराठीत उतरवली आणि उतरवता उतरवता प्रत्येक भागाला आपले नाव दिले. पुढच्या टोकाला त्यांनी टोपी म्हटले, मागच्या फळ्यांना पर म्हटले, उड्डाणाच्या सळईवरून सरकणाऱ्या छोट्या नळीला मार्गनळी म्हटले आणि टोपीला धडाशी बांधून ठेवणारी लवचीक दोरी झटकादोरी झाली. पुढचे तीन आठवडे वर्गात याच शब्दांत काम चालले आणि एकाही मुलाला अर्थ विचारावा लागला नाही.

जुन्या वर्तमानपत्रावर चाललेली ही चिकटवाचिकटवी दिसायला किरकोळ वाटते, पण रॉकेटचे भवितव्य इथेच ठरते. तीन मोटरींच्या नळ्या त्रिकोणात बसवल्यावर त्यांच्यामध्ये फटी राहतात; त्या बुजवल्या नाहीत तर पॅराशूट ढकलण्यासाठी निर्माण झालेला वायू खालून निसटतो आणि पॅराशूट आतच राहते, म्हणून कागदाचा लगदा डिंकात भिजवून काडीने एकेक फट भरली जात आहे. बाल्सा लाकडाचे पर कापताना लाकडाची रेघ पराच्या पुढच्या कडेला समांतर ठेवावी लागते, नाहीतर पर हवेत मोडतो. पराच्या मुळाशी डिंकाची धार सोडून एक मुलगी ती करंगळीने एका दमात ओढते आहे, आणि ते करताना तिचा श्वास रोखलेला आहे.

तीन मोटरींमुळे रॉकेट मागे जड होते. त्याचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या केंद्रापुढे, म्हणजे हवेचा सगळा जोर जिथे एकवटतो त्या बिंदूपुढे, निदान धडाच्या व्यासाइतका असावा लागतो, म्हणून टोपीत चिकणमातीचा गोळा बसवला आणि मग रॉकेटला तोलाच्या जागी दोरी बांधून डोक्याभोवती गरागरा फिरवले. टोपी पुढे राहून ते फिरले, याचा अर्थ तोल जमला. सराफाच्या काट्यावर वजन २५० ग्रॅम भरले, म्हणजे सुमारे अडीच न्यूटन. तिन्ही मोटरींचा मिळून रेटा १८ न्यूटन, वजनाच्या सातपट.

उरला प्रश्न एकाच वेळी पेटवण्याचा. गणपतीच्या मखरावरील जुन्या माळेत एक दिवा गेला की सगळी माळ विझत असे, कारण त्यात वीज एका दिव्यातून दुसऱ्यात जाई. पेटवण्याच्या तारा तशा जोडल्या तर पहिली तार जळताच विजेचे मंडल तुटते आणि बाकीच्या दोन मोटरी थंड राहतात. म्हणून तिन्ही तारा समांतर जोडल्या आणि त्यांना पुरेशी वीज एकदम मिळावी यासाठी मोटारसायकलची १२ व्होल्टची बॅटरी घेतली. सळई आणि ज्वाळा अडवणारा पत्रा उद्यमबागच्या एका वर्कशॉपमधून आला. इस्रोच्या पीएसएलव्हीच्या एक्सएल प्रकारात सहापैकी चार जोडरॉकेटे जमिनीवर आणि दोन उड्डाणानंतर सुमारे २५ सेकंदांनी पेटतात. या रॉकेटला अशी सवलत नाही, जे पेटायचे ते जमिनीवरच.

माणसे दहा मीटर मागे सरली आहेत. पाण्याची घागर जवळ आहे, पेंढा बाजूला केलेला आहे.

पहिल्या उड्डाणात दोनच मोटरी पेटल्या. रेटा एका बाजूला पडल्यामुळे रॉकेट न पेटलेल्या मोटरीच्या अंगाला कलले, पॅराशूट जमिनीजवळ सुटले आणि एक पर मोडला. बॅटरीची चावी काढून, मिनिटभर थांबून मुलांनी ते उचलले, तेव्हा तिसऱ्या मोटरीतील तार दारूपासून दोन मिलिमीटर खाली सरकलेली आढळली.

पर पुन्हा चिकटवून वाळेपर्यंत आठवडा गेला. या वेळी प्रत्येक तार दारूला टेकल्याची खात्री दोघांनी स्वतंत्रपणे करून वहीत सह्या केल्या. त्या पानावर गटाची सातही नावे आहेत. नववीच्या पटावरही एवढीच आहेत.

धूर विरण्याआधीच रॉकेट गडाच्या तटाच्या वर गेले होते. शंभर मीटरवरून कोनमापकाने ६५ अंशांचा कोन मिळाला, म्हणजे उंची सुमारे २१४ मीटर. पॅराशूट वाऱ्याबरोबर दोन बांध ओलांडून उतरले आणि सातही जण तिकडे धावले.

“जळाल्या काय सगळ्या मोटरी?” बांधावरून काकांनी विचारले.

“तिन्ही जळाल्या, काका!”