उणे ऐंशीचा फ्रीझर आणि मुंबईची हवा

आज समोर प्रयोगशाळांतले तंत्रज्ञ आहेत, संशोधक विद्यार्थी आहेत आणि उपकरणांची खरेदी पाहणारी काही मंडळीही आहेत. तुमच्यापैकी बहुतेकांच्या खोलीत एक तरी ‘मायनस एटी’, म्हणजे नमुने उणे ८० अंश सेल्सिअसला साठवणारा फ्रीझर, असेल. त्याच्या दारावरच्या आकड्याकडे आपण रोज पाहतो. तो आकडा उणे ८० दाखवत असला की निश्चिंत होतो. मला आज सांगायचं आहे ते असं की या यंत्राचं आयुष्य आतल्या आकड्यापेक्षा बाहेरच्या तीन गोष्टींवर ठरतं: खोलीची उष्णता, हवेतलं पाणी आणि वीज. मुंबईत या तिन्ही गोष्टी त्याच्या विरोधात असतात, म्हणून इथे त्याची निगा जरा वेगळ्या हिशेबाने ठेवावी लागते.

आधी आत काय चालतं ते पाहू. घरच्या फ्रिजमध्ये एक कॉम्प्रेसर असतो. खोलीच्या ३० अंशांपासून उणे ८० पर्यंतची मजल त्याला एकट्याला झेपत नाही. दोन बाजूंच्या दाबांतला फरक फार वाढतो, कॉम्प्रेसर तापतो आणि त्यातलं तेल खराब होतं. म्हणून बहुतेक यंत्रांत दोन स्वतंत्र मंडलं, म्हणजे थंड करणारा वायू फिरवणारे दोन बंद मार्ग, जोडलेली असतात. पहिल्या मंडलात जुन्या यंत्रांत आर-४०४ए नावाचा वायू, तर नव्यांत बहुधा प्रोपेन असतो. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो. दुसऱ्यात जुन्या यंत्रांत आर-५०८बी असतो आणि नव्यांत इथेन. इथेन साधारण उणे ८९ला उकळतो. दोन मंडलांच्या मध्ये एक उष्णता-विनिमयक असतो. तिथे पहिल्या मंडलाची थंडी दुसऱ्यातल्या वायूचा द्रव करते आणि तो द्रव आतल्या टाकीभोवतीच्या नळ्यांत उकळून तुमचे नमुने गार ठेवतो.

इथेनचा एक गुणधर्म लक्षात ठेवा. सुमारे ३२ अंशांच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही. म्हणजे मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत हा वायू नुसत्या हवेच्या आधाराने काम करूच शकत नाही. त्याला पहिल्या मंडलाची थंडी हवीच. आणि पहिल्या मंडलाला आपली उष्णता खोलीतच टाकायची असते. म्हणून समोरच्या, हवा गाळणाऱ्या जाळीवर धूळ बसली की पहिलं मंडल अडखळतं, त्याच्यामुळे दुसरं अडखळतं आणि शेवटी आकडा सरकतो. आकडा सरकतो तेव्हा बिघाड बराच पुढे गेलेला असतो. त्याआधी कित्येक आठवडे कॉम्प्रेसर जास्त वेळ चालून ती तूट भरून काढत असतो. निरोगी यंत्रात कॉम्प्रेसर मधूनमधून थांबतो. नव्या यंत्रांत तो न थांबता वेग कमी करतो. ही विश्रांती कमी होत चालली का, हे ऐकण्याची सवय लावा. यंत्र सुरू करताना आधी पहिला कॉम्प्रेसर लागतो आणि काही मिनिटांनी दुसरा. हे दोन आवाज वेगळे ओळखता आले पाहिजेत. एकच कॉम्प्रेसर मिश्र वायूवर चालवणारी यंत्रं आणि हेलियमवर चालणारी स्टर्लिंग यंत्रंही असतात. त्यांचं आतलं काम वेगळं असलं तरी बाहेरची पथ्यं तीच.

आता खोलीचा हिशेब. जुना फ्रीझर दिवसाला २० युनिटच्या आसपास वीज खातो, नवा साधारण १० युनिट. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. २० युनिटला २४ तासांनी भागा. सरासरी ८०० वॉटचा हीटर दिवसरात्र चालू आहे असं समजा. असे चार जुने फ्रीझर एका खोलीत असले की ३३०० वॉट झाले. एक टनाचा एसी सुमारे ३५०० वॉट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे एक टन नुसता या चार यंत्रांसाठीच लागतो. माणसं, दिवे, भिंतींतून येणारं ऊन हे त्याच्यावर वेगळं. खरेदीच्या फाइलमध्ये फ्रीझरची किंमत असते, एसीची नसते. ती जोडायला सांगा.

आणि तो एसी चोवीस तास, शनिवार-रविवारसह चालला पाहिजे. शुक्रवारी संध्याकाळी शेवटचा माणूस सवयीने एसी बंद करून जातो आणि सोमवारी आकडा उणे ६८ दिसतो. मेकॅनिक येईपर्यंत एसी पुन्हा लागलेला असतो, आकडा खाली आलेला असतो आणि त्याला बिघाड सापडत नाही. तापमानाच्या आलेखात दर शनिवार-रविवारी उंचवटा दिसला तर आधी एसीच्या बटणाची चौकशी करा. शक्य असेल तर दोन एसी आलटून पालटून चालवा. खोली २५ अंशांच्या खाली राहू द्या. मागे आणि दोन्ही बाजूंना निदान १५ सेंटिमीटर मोकळी जागा सोडा. फ्रीझरच्या डोक्यावर खोकी रचू नका.

जाळीबद्दल उत्पादकाच्या पुस्तिकेत दोन-तीन महिन्यांनी साफ करा असं लिहिलेलं असतं. मुंबईत मी महिन्याला एकदा म्हणेन. शेजारच्या इमारतीचं पुनर्बांधकाम चालू असेल तर पंधरवड्याला. समोरचं खालचं झाकण उघडायचं, जाळी काढायची, कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवायची, पूर्ण वाळवायची आणि मगच बसवायची. ओली जाळी धूळ धरून ठेवते. जाळीच्या मागे कंडेन्सरचे, म्हणजे उष्णता खोलीत टाकणाऱ्या भागाचे, पातळ पत्रे असतात. सहा महिन्यांनी यंत्राचा पुरवठा बंद करून मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनरने ते साफ करून घ्या. पत्रे वाकवू नका, वाकलेल्या पत्र्यांतून हवा जात नाही. कुलाबा किंवा वरळीसारख्या समुद्रालगतच्या भागात खारी हवा या ॲल्युमिनियमला खाते. पत्र्यांवर पांढरी भुकटी दिसू लागली तर त्याची नोंद करा आणि त्या खोलीच्या खिडक्या कायमच्या बंद ठेवा.

दुसरी गोष्ट पाणी. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता, म्हणजे आपला जुलै, असताना एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी असतं. एसीच्या खोलीत २२ अंश आणि ५५ टक्के असेल तर ते सुमारे ११ ग्रॅम होतं. उणे ८० ला हवा जवळजवळ काहीच पाणी धरू शकत नाही. म्हणून दार उघडल्यावर आत शिरलेल्या हवेतलं सगळं पाणी बर्फ होऊन आतच राहतं. ५०० लिटरच्या फ्रीझरमधली हवा पावसाळ्यात एकदा पूर्ण बदलली की १२ ग्रॅम बर्फ जमा. दिवसातून पंधरा वेळा दार उघडणाऱ्या प्रयोगशाळेने याचा महिन्याचा हिशेब स्वतः करून पाहावा. खोलीत एसी असेल तर हा बर्फ निम्म्याहून कमी होतो. एसीवरचा खर्च इथेही परत मिळतो.

बर्फ आधी रबराच्या गॅस्केटवर आणि आतल्या छोट्या दारांवर धरतो. गॅस्केटवर बर्फाची रेघ आली की दार नीट टेकत नाही, फटीतून आणखी हवा शिरते आणि बर्फ आणखी वाढतो. म्हणून आठवड्यातून एकदा गॅस्केट कोरड्या मऊ फडक्याने पुसा. आतल्या दारांवरचा बर्फ प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढा. दार घट्ट बसतंय का हे पाहायला कागदाची एक पट्टी दारात धरून ओढा. सहज निघाली तर तिथे फट आहे. चारही बाजूंनी असं तपासा.

दार उघडून बंद केल्यावर लगेच पुन्हा उघडत नाही, ही तक्रार नेहमी येते. आत शिरलेली गरम हवा थंड होऊन आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा दाराला दाबून धरते. दाब सारखा करायला एक छोटं छिद्र दिलेलं असतं. दोन-तीन मिनिटं थांबलात की दार आपोआप सुटतं. सुटत नसेल तर त्या छिद्रात बर्फ अडकला आहे, तो मोकळा करा. हँडलला लोंबकळू नका. खिटी तुटते, बिजागरी सरकते आणि मग गॅस्केट कायमचं तिरकं बसतं.

वर्षातून एकदा पूर्ण डीफ्रॉस्ट करा, आणि ते जानेवारीत करा. तेव्हा मुंबईची हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. आधी नमुने दुसऱ्या फ्रीझरमध्ये हलवा, एकेक रॅक, ड्राय आइसवर (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडवर) ठेवून. यंत्र बंद करताना अलार्मच्या बॅटरीचा स्विचही बंद करा, नाहीतर ती पूर्ण उतरते. दारं उघडी ठेवून खाली जुन्या चादरी अंथरा आणि २४ तास जाऊ द्या. घाई म्हणून स्क्रूड्रायव्हर, सुरी, हेअर ड्रायर, उकळतं पाणी, यांतलं काहीही नको. थंड करणाऱ्या नळ्या टाकीच्या पत्र्यालाच मागून चिकटवलेल्या आणि फोममध्ये पुरलेल्या असतात. तिथे भोक पडलं की दुरुस्ती जवळजवळ अशक्य. पुसून, पूर्ण वाळवून, रिकामंच सुरू करा, रात्रभर खाली जाऊ द्या, एक दिवस स्थिर आहे हे पाहा आणि मग नमुने परत ठेवा.

याच दिवशी आणखी एक काम फुकटात होतं. यंत्र बंद करून दारं उघडण्याआधी ती मिटलेलीच ठेवा आणि उणे ८० पासून उणे ६० आणि उणे ५० पर्यंत यायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. ही रिकाम्या यंत्राची वेळ. भरलेलं यंत्र याहून सावकाश तापतं. वीज गेल्यावर निदान एवढा वेळ आपल्या हातात आहे, हे तुम्हाला पुस्तिकेतून नाही, तुमच्याच यंत्रावरून कळतं.

वीज हा तिसरा विषय. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी आणि टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. एरवी मुंबईची वीज भरवशाची, म्हणून तयारी ढिली राहते. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी शहर आणि उपनगरं एकदम अंधारात गेली, हे सगळ्यांना आठवत असेल. अशा वेळी पहिला नियम: दार उघडायचं नाही, ‘बघू तरी’ म्हणूनही नाही. खरा धोका वीज परत येताना असतो. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. पाच यंत्रं एकाच क्षणी सुरू झाली की एमसीबी पडते, आणि रात्र असेल तर सकाळपर्यंत पडलेलीच राहते. म्हणून प्रत्येक यंत्राची सुरू होण्याची वेळ पुढेमागे लावा: एक दोन मिनिटांनी, दुसरं पाच, तिसरं आठ. प्रत्येकाला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि चांगलं अर्थिंग द्या. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. स्टॅबिलायझर सुरुवातीच्या प्रवाहाला पुरेल असा, उत्पादकाने सांगितलेल्या क्षमतेचा घ्या. जनरेटर असेल तर फ्रीझरचा पॉइंट खरोखर जनरेटरच्या लाइनवर आहे का, हे मेन बंद करून तपासा.

तळघरात फ्रीझर ठेवू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि आपल्याकडे कॉम्प्रेसर नेमका यंत्राच्या तळाशी असतो. ड्राय आइसमधून निघणारा कार्बन डायऑक्साइडही तळघरात साचतो, तो जिवाचा धोका. ड्राय आइस बंद लिफ्टमध्ये माणसासोबत नेऊ नये, ते याच कारणाने.

अलार्म उणे ६५ ला लावा, महिन्याला एकदा वाजवून पाहा, बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदला. फोन नंबर रात्रपाळीच्या वॉचमनला वाचता येतील अशा मोठ्या मराठी अक्षरांत दारावर चिकटवा. एक रिकामा फ्रीझर चालू ठेवणं परवडत नसेल तर शेजारच्या विभागाशी लेखी ठरवा की संकटात कोणाचे किती रॅक कुठे जातील.

उणे ८० ऐवजी उणे ७० ला चालवावा का, असं आत्ता एका ताईंनी विचारलं. माझं मत होकाराचं आहे. विजेची बचत मोठी होते, कॉम्प्रेसरवरचा ताण कमी होतो, आणि सीरम, डीएनए, ग्लिसरॉलमधले जिवाणू यांना त्याने बाधा येत नाही. कराराने किंवा नियमाने उणे ८० बंधनकारक असेल तिथे अर्थातच नाही. प्राण्यांच्या जिवंत पेशी मात्र दोन्ही तापमानांना फार काळ टिकत नाहीत. त्यांची जागा द्रव नायट्रोजनमध्ये.

शेवटी दुरुस्ती. आकडा उणे ६० ला अडकलाय आणि दोन्ही कॉम्प्रेसर न थांबता चालू आहेत, जाळी स्वच्छ आहे, खोली थंड आहे, तर वायूची गळती किंवा बारीक नळीत तेल अडकल्याची शंका घ्या. दुसरा कॉम्प्रेसर लागतच नसेल तर पहिलं मंडल मधल्या विनिमयकाला पुरेसं गार करत नाही किंवा नियंत्रणात दोष आहे. हे पाहून, लिहून मगच फोन करा. ‘गॅस भरून देतो’ एवढ्यावर मानू नका. बंद मंडलातला वायू आपोआप संपत नाही. तो कमी झाला म्हणजे गळती आहे. नायट्रोजनने दाब देऊन गळती शोधली का, मंडलातला ओलावा शोषणारा ड्रायर बदलला का, पुरेसा वेळ व्हॅक्यूम धरला का, आणि वायू पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमप्रमाणे वजन करून भरला का, हे चार प्रश्न विचारा. नव्या यंत्रांतले प्रोपेन आणि इथेन पेट घेतात, म्हणून वेल्डिंगचं काम त्या वायूंचं प्रशिक्षण असलेल्यानेच करावं. बिलावर सही करण्याआधी यंत्र रिकामं ठेवून २४ तासांचा आलेख घ्या आणि तो बिलाला जोडा.