हिशेबाच्या पक्क्या मॅडम

अंदाजपत्रक सादर झाले की शहरात चर्चा होते ती एवढीच, की यंदा ते किती कोटींचे आहे आणि आपल्या प्रभागाच्या वाट्याला काय आले. ते जुळवले कोणी, हे सहसा कोणी विचारत नाही. हा माहितीपट नागपूर महानगरपालिकेच्या अशा एका लेखाधिकाऱ्यांविषयी आहे, ज्या वित्त विभागात कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाल्या आणि येत्या महिनाअखेरीस नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत आहेत. सिव्हिल लाइन्सच्या मुख्यालयात शिपायांपासून अभियंत्यांपर्यंत सगळे त्यांना ‘मॅडम’ म्हणतात. आपणही तसेच म्हणू.

मॅडम नोकरीला लागल्या तेव्हा जकात होती. नाक्यांवरचा भरणा रोज जमा होत असे, त्यामुळे तिजोरीत काय आहे हे रोजच्या रोज कळत असे. १ एप्रिल २०१३ पासून नागपुरात जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींहून कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना तो माफ झाला, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच तो पूर्णपणे जाऊन राज्य शासनाकडून दरमहा मिळणाऱ्या भरपाईवर महापालिकेचा गाडा चालू लागला. या भरपाईत दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ कायद्यानेच ठरलेली आहे. तरीही रोज येणारा पैसा महिन्याने येऊ लागला, आणि पगार, निवृत्तिवेतन, वीजबिले यांच्या तारखा मात्र होत्या तिथेच राहिल्या.

अशा काळात मॅडमचा आग्रह एकच असे: मालमत्ता कर आणि पाणीपट्टीची मागणी किती आहे ते पाहून नव्हे, तर गेल्या काही वर्षांत प्रत्यक्ष वसुली किती झाली ते पाहूनच पुढील वर्षाचे उत्पन्न धरायचे. फुगवलेल्या उत्पन्नाच्या भरवशावर कामे मंजूर होतात, कार्यादेश निघतात आणि मग देयके थकतात. हा फुगवटा रोखण्यासाठी त्या दरवर्षी भांडल्या, आणि आमच्या मते हेच त्यांच्या सेवेतील सर्वांत मोठे काम होय.

त्यांच्या टेबलावर आलेली एक नस्ती पाहू. महिनाअखेर आहे, राज्याकडून भरपाईचे अनुदान अजून आलेले नाही, आणि पगारासाठी कंत्राटदारांच्या सुरक्षा ठेवींतून रक्कम तात्पुरती वळवावी, असा प्रस्ताव आहे. ठेवीचा पैसा महापालिकेच्या खात्यात असला तरी तो महापालिकेचा नसतो; दोषदायित्वाचा, म्हणजे कामातील दोष कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायचा, कालावधी संपला की तो परत करावाच लागतो. मॅडमनी हिरव्या शाईने शेरा लिहिला: ‘सदर रक्कम ठेवीदारांची आहे. वळती करता येणार नाही.’ त्याच पानावर, कोणती भांडवली देयके आठवडाभर थांबू शकतात याची यादी त्यांनी जोडली आणि सफाई कामगारांचा पगार आधी काढला. पूर्वी ‘तरतूद आहे का?’ या त्यांच्या प्रश्नाने वैतागणारे झोनमधील उपअभियंते पुढे प्रस्ताव तयार करण्याआधीच लेखाशीर्षातील, म्हणजे त्या खर्चाच्या खात्यातील, शिल्लक विचारायला येऊ लागले.

वर्षानुवर्षे ऐवजदार (बदली कामगार) म्हणून राबलेल्या सफाई कामगारांना कायम करायचे ठरले, तेव्हा वाढणारा आस्थापना खर्च, म्हणजे पगार-भत्त्यांचा बोजा, त्यांनी कुठेही न लपवता पूर्ण दाखवला.

४ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर अंदाजपत्रक प्रशासकांनीच मांडायचे व त्यांनीच मंजूर करायचे, अशी वेळ आली. जिथे महापालिकेची सभा भरत असे, त्या महाल भागातील टाउन हॉलमध्ये नगरसेवकांचे प्रश्न नव्हते. जाब विचारणारे कोणी समोर नसताना हिशेब अधिकच उघडा हवा, असे मॅडमचे ठाम मत होते. म्हणून त्या वर्षांतील त्यांच्या टिपण्या अधिक लांब, अधिक तपशीलवार आहेत.

आता कार्यभार हस्तांतरणाची टिपणी तयार आहे. झालेल्या कामांचा उल्लेख तिच्यात एका ओळीत आटोपला आहे. बाकीची पाने प्रलंबित लेखापरीक्षण आक्षेपांची, न्यायप्रविष्ट दाव्यांतून उद्भवू शकणाऱ्या दायित्वाची आणि ज्यांचे उपदान (ग्रॅच्युइटी) द्यायचे राहिले आहे त्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या नावांची आहेत. शाल-श्रीफळाचा कार्यक्रम दुपारी होईल. त्याआधी ही नावे एकेक करून समजावून देता यावीत, म्हणून मॅडमनी नव्या अधिकाऱ्यांकडून सकाळची वेळ मागून घेतली आहे.