एकमेकांची साक्ष देणारी यंत्रे

घराच्या छतावर उभा असलेला हा अँटेना कोणत्याही दूरसंचार कंपनीच्या मालकीचा नाही. घरमालकाने तो स्वतः विकत घेतला, हॉटस्पॉट नावाच्या एका छोट्या यंत्राला जोडला आणि स्वतःच्याच विजेवर व इंटरनेटवर चालू ठेवला. 2019 मध्ये सुरू झालेल्या हीलियम या लोकांच्याच यंत्रांवर चालणाऱ्या बिनतारी जाळ्याची उभारणी अशाच छतांवरून होत गेली. पाण्याचे मीटर किंवा मातीतील ओलावा मोजणारे संवेदक यांचे मोजक्या बाइटांचे संदेश लोरा या कमी विजेवर चालणाऱ्या रेडिओ तंत्राने काही किलोमीटर अंतर कापून येथे पोहोचतात. ही सेवा पुरवणाऱ्या घरमालकाला मोबदला म्हणून एचएनटी हे टोकन, म्हणजे खरेदी-विक्री करता येणारे डिजिटल चलन, मिळते.

परंतु यंत्र सांगितलेल्या जागीच आहे, याची खात्री कोणी करायची? यंत्रांनी एकमेकांची साक्ष द्यायची, हे त्याचे उत्तर; त्यासाठी हीलियमच्या नकाशावर परिसराचे षट्कोनी तुकडे पाडले आहेत. एक हॉटस्पॉट अधूनमधून संकेत सोडतो, परिसरातील इतर हॉटस्पॉट तो ऐकतात आणि संकेताच्या तीव्रतेसह तशी नोंद करतात. या साक्षी नियमांत बसल्या तरच मोबदला मिळतो, आणि एकाच षट्कोनात यंत्रांची गर्दी झाली की तो घटतो. एकाच खोलीतील यंत्रे दूरदूरच्या पत्त्यांवर दाखवणारे महाभागही निघाले, आणि त्यांना वगळण्यासाठी नियम कडक होत गेले.

ग्राहकाचा, म्हणजे ज्याच्या संवेदकांचे संदेश या जाळ्यातून जातात त्याचा, हिशेब वेगळा आहे. 24 बाइटांपर्यंतच्या संदेशाला एक डेटा क्रेडिट, म्हणजे संदेशाच्या शुल्काचे एकक, लागते, त्याची किंमत 0.00001 डॉलर इतकी स्थिर असते आणि एचएनटी कायमचे नष्ट करूनच ते निर्माण होते. टोकनाचा भाव कोसळल्यावर अनेकांच्या यंत्राचा खर्चही भरून निघाला नाही, हे खरे.

आता सर्व्हरच्या या रांगा पाहा. ऑक्टोबर 2020 पासून पूर्णपणे कार्यरत झालेल्या फाइलकॉइन जाळ्यात लोक रेडिओ नव्हे, तर साठवणुकीची जागा देतात. माहितीची प्रत्येक प्रत वेगळ्या सांकेतिक रूपात बदलून साठवली जात असल्यामुळे एकच प्रत दोनदा दाखवून मोबदला लाटता येत नाही, आणि ती अजून शाबूत असल्याचा गणिती पुरावा दर 24 तासांनी द्यावा लागतो.

हीलियमच्या सदस्यांनी सप्टेंबर 2022 मध्ये स्वतःची ब्लॉकचेन, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून राखलेली व्यवहारांची सामाईक नोंदवही, सोडून सोलाना या दुसऱ्या ब्लॉकचेनवर जाण्याच्या बाजूने कौल दिला आणि एप्रिल 2023 मध्ये हे स्थलांतर पार पडले. मते मात्र माणशी नव्हे, तर टोकनांच्या प्रमाणात मोजली गेली.