लाकडी प्रोपेलर आणि खारं पाणी

8 मे 1919. न्यूयॉर्कजवळच्या रॉकअवेहून अमेरिकन नेव्हीच्या तीन फ्लाइंग बोटी, म्हणजे पाण्यावरून उडणारी आणि पाण्यावरच उतरणारी विमानं, अटलांटिक पार करायला निघाल्या, एनसी-1, एनसी-3 आणि एनसी-4. प्रत्येकीवर चार लिबर्टी इंजिनं, एकेक 400 हॉर्सपॉवरचं, आणि एवढी सगळी ताकद पेलायची कुणी तर लाकडी प्रोपेलरने.

हा प्रोपेलर म्हणजे अख्खा ओंडका कोरलेला नाही बरं का. अक्रोड, महोगनी, ओक असल्या लाकडाच्या फळ्या एकावर एक ठेवून गरम सरसाने चिकटवायच्या, शिकंजात आवळून वाळू द्यायच्या, मग रंधा मारत मारत पात्याला पीळ काढायचा. लाकूड हलकं, आणि इंजिनाची थरथर ते पचवतं, त्या काळी धातूची पाती याच थरथरीने थकून तुटायची.

पण हे विमान पाण्यावरून उडतं, खरी कसोटी तिथेच आहे. समजा 3 मीटरचा प्रोपेलर मिनिटाला 1400 फेरे घेतोय, तर त्याच्या टोकाचा वेग होतो ताशी जवळपास 800 किलोमीटर, आणि त्या वेगाने समोर आलेला पाण्याचा साधा थेंबसुद्धा लाकडाची कड कुरतडून काढतो. म्हणून तर इंजिनं पाण्यापासून लांब, वर पंखांच्या मधे बसवायची, तरी टेक-ऑफला तुषार उडायचेच.

आता पात्याचं टोक जवळून बघा. कडेवर पितळेचा पत्रा चढवलाय, स्क्रू आणि रिव्हेटने पक्का केलाय, वरून झाळलाय. आणि अगदी टोकाला बारीक बारीक भोकं आहेत. पत्र्याखाली ओल शिरणारच, ती अडकून राहिली तर लाकूड फुगतं, एक पातं जड होतं आणि अख्खं इंजिन हादरायला लागतं, म्हणून प्रोपेलर फिरताना आतलं पाणी या भोकांतून आपोआप बाहेर फेकलं जातं. मला तर ही भोकं म्हणजे त्या कारागिरांच्या हुशारीची कमाल वाटते! विमान उभं असताना दोन पात्यांचा प्रोपेलर आडवा ठेवायचा तोही याचसाठी, नाहीतर सगळी ओल खालच्या पात्यात उतरते.

त्या 1919 च्या प्रवासात कॅनडातल्या हॅलिफॅक्सला एनसी-1 आणि एनसी-3 च्या प्रोपेलरना तडे गेलेले सापडले, बदलावे लागले. पुढे अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांजवळ दोघींनाही समुद्रात उतरावं लागलं आणि त्यांचं उड्डाण तिथेच थांबलं. एनसी-4 मात्र 27 मेला लिस्बनला उतरली, अटलांटिक ओलांडणारं पहिलं विमान, आणि तेही लाकडी प्रोपेलरवर.

चारच वर्षांनी, 1923 च्या श्नायडर ट्रॉफीत, म्हणजे पाण्यावरच्या विमानांच्या शर्यतीत, कर्टिस कंपनीचं सीप्लेन धातूचा प्रोपेलर लावून जिंकलं.