मोर्चा आधी, कायदा मागून

नमस्कार मंडळी. पगाराच्या पावतीवर 'व्यवसाय कर' बघितलाय? महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. वाळूजच्या कंपनीत असा नाहीतर मुंबईत, ठरावीक पगाराच्या वर कापले जातातच. १९७५ चा हा कर रोजगार हमी योजनेसाठी आला. पगारदारानं भरायचं, खेड्यातल्या हाताला काम मिळायचं. सोशल डेमोक्रसी म्हणतात ती साधारण अशी: बाजार राहू द्या, निवडणुका राहू द्या, पण पोटाची हमी सरकारनं करातून द्यायची.

रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची. ते काँग्रेसचे, विधान परिषदेचे सभापती. श्रेय त्यांचंच. पण १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसं काही गप्प नव्हती. त्यांनी मोर्चे काढले, संप केले. डावे-समाजवादी पुढे होते. तेव्हा कुठं १९७७ ला त्या योजनेचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ ला लागू झाला.

कायद्यानं काय बदललं? काम मागितल्यावर १५ दिवसांत द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. भत्ता किती, तर तेव्हा दिवसाला किमान एक रुपया! आणि तोही कधी? अर्जाची तारखेची पोच हातात असेल तर. पोचच नाही, तर १५ दिवस मोजायचे कुठून? एकट्या बाईला साहेब "उद्या या" म्हणतो. चाळीस जणी ओट्यावर बसल्या की शिक्का सापडतो. माझ्या मते कायदा आणि मोर्चा यांचं सगळं नातं इथंच कळतं: कायदा हक्क देतो, तो वसूल करायला माणसंच लागतात.

बरं, हमीनं मजुरी दिली, जमिनीला हात लावला नाही. मजुरांनी पाझर तलाव खोदला, पाणी वाढलं खालच्या बागायतदाराच्या विहिरीचं. भूमिहीनाला काय? मराठवाड्यात दलित भूमिहीनांनी गायरानं, म्हणजे गावची सरकारी चराऊ जमीन, कसायला घेतली. बीडकडं एकनाथ आव्हाडांच्या मानवी हक्क अभियानानं ही लढाई नेटानं लढवली. मार खाल्ला, पिकं मोडली गेली, तरी हटले नाहीत. १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. इथंही माणसं आधी, सरकार मागून.

तरी सातबारावर नाव चढायला पुरावा लागतो. आणि पुरावा कोणता? अतिक्रमण केलं म्हणून तलाठ्यानं फाडलेली दंडाची पावती. घरात असेल, तर प्लास्टिकच्या पिशवीत नीट घालून ठेवा. झेरॉक्स द्या, मूळ पावती कुणाच्या हातात देऊ नका.