पात्याच्या वाटेतली चार अंडी

(पहाट. गोल्फचं मैदान. फेअरवेवर, म्हणजे खेळायच्या कापलेल्या लांब पट्ट्यावर, थांबलेलं गवत कापायचं मशीन.)

मशीनसमोर टिटवी पंख पसरून उभी आहे. ओरडतेय, पण जागा सोडत नाही. तिच्या मागे जमिनीतल्या उथळ खळग्यात चार अंडी आहेत, निमुळती टोकं आतल्या बाजूला. मातीचा रंग, वर काळे डाग. पाच पावलांवरूनही दिसत नाहीत.

बडोद्याला गोल्फ नवा नाही. 1930 च्या दशकात राजवाड्याच्या पाहुण्यांसाठी लक्ष्मीविलासच्या आवारात मैदान आखलं गेलं, ते आजही आहे. आपण पाहतोय ते मैदान वेगळं, शहराच्या कडेचं. गवत मात्र तेच: हरळी, गणपतीला वाहतो ती. ग्रीनवर, म्हणजे चेंडू घालायच्या भोकाभोवती, ती चार मिलिमीटरवर कापतात, फेअरवेवर बारा-पंधरा. टिटवीला घरट्यासाठी हीच बुटकी, मोकळी जमीन लागते. घोळ तिथेच आहे.

(माळी पावलं मोजतोय. बांबूची खुंटी.)

अंड्यांशेजारी झेंडी लावायची नाही. कावळ्याला आणि कुत्र्याला ती खूण आपल्याआधी कळते. खुंटी रोवायची घरट्यापासून पाच पावलं उत्तरेला, दर वेळी उत्तरेलाच, म्हणजे पाळी बदलली तरी नव्या माळ्याला विचारावं लागत नाही. घरट्याभोवती तीन मीटरपर्यंत पातं नाही, फवारणी नाही, स्प्रिंकलरचं तोंडही तिकडे नाही. मैदानाची समिती तेवढा तुकडा 'नो प्ले झोन' जाहीर करते. चेंडू तिथे गेला तर तिथून मारता येत नाही. जवळच्या मोकळ्या जागेपासून एका क्लबच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, अंतरात, दंड न लागता, नवा टाकायचा. खेळणाऱ्यांची कुरकुर होते. होऊ द्या, नियम त्यांच्याच पुस्तकातला आहे.

(दुपार. टिटवी तळ्यावर, पोट भिजवताना.)

पारा चाळीसच्या वर. आता अंडी उबवायची नसतात, थंड ठेवायची असतात. टिटवी पाण्यात बसते, पोटाची पिसं भिजवते आणि तशीच घरट्यावर परतते. म्हणून तळं जवळ हवं, आणि त्याला उतार हवा.

बहुतेक मैदानांच्या तळ्यांना उतार नसतो. उभी दगडी भिंत किंवा गुळगुळीत प्लास्टिक. आत पडलेलं पिल्लू, मुंगूस, कासव वर येऊ शकत नाही. इथे एक काठ फोडून घेतलाय: चार फूट पुढे जाताना एक फूट खाली, यापेक्षा तीव्र नाही. पाण्याखाली मीटरभर रुंदीची पायरी, वीतभर खोल, तिच्यावर लव्हाळा. पाणकणीस आपोआप येतं आणि दोन-तीन वर्षांत अख्खं तळं खातं. ते उपटत बसू नये, मुळं तुटून पुन्हा फुटतात. जूनच्या सुरुवातीला पाणी सर्वांत कमी असताना बुडापासून कापायचं. पाऊस आला की बुडखे पाण्याखाली जातात, हवा मिळत नाही, सडतात. पावसाला आठवडाभर उशीर झाला तर मेहनत वाया, पुढच्या जूनमध्ये परत.

काठापासून सहा मीटर युरिया नाही. त्याच्या पलीकडे शंभर चौरस मीटरला एका वेळी अर्धा किलो, तोही चोवीस तासांत पाऊस नसेल तर. धुऊन गेलेल्या युरियाने आधी शेवाळ माजतं. रात्री ते आणि कुजणारा गाळ मिळून पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड उघडून दिसले, तर आदल्या आठवड्याची खताची वही काढून बघावी. कापलेलं गवत तळ्यात लोटणारेही हेच करतात, फुकटात.

(काळा घोडा पूल. खाली विश्वामित्रीत मगर.)

पावसात नदी चढली की मगर तळ्यापर्यंत येऊ शकते. ती 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. पाण्यात गेलेला चेंडू तिथेच सोडून द्यायचा, वनखात्याला फोन करायचा.

(संध्याकाळ. कडुनिंबाखाली दिवा, खाली पाण्याची परात.)

पहिल्या वळवानंतर हुमणीचे, म्हणजे हरळीची मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंबावर, बाभळीवर बसतात. अंधार पडल्यावर तासभर दिवा पेटता ठेवायचा, परातीत पाणी आणि चमचाभर रॉकेल. फांद्या हलवायच्या, खाली चादर. अंडी घालण्याआधी भुंगेरा मारला की अळीच्या मागे धावावं लागत नाही. पूर्वी यासाठी फोरेट या कीटकनाशकाचे दाणे जमिनीत पेरत; 2020 च्या अखेरीपासून देशात त्यावर बंदी आहे. ते दाणे पक्षीही टिपत असत. आता आधी मोजणी: ऑगस्टमध्ये एक चौरस फूट हरळी तीन बाजूंनी कापून चटईसारखी उलटायची. पाच-सहा अळ्यांपेक्षा कमी असतील तर चटई परत पसरून, दाबून, पाणी द्यायचं. बाकीचं काम हुदहुद आणि गायबगळे करतात.

(रफ, म्हणजे फेअरवेच्या कडेचं लांब गवत. वारा, त्यात मुनिया.)

खेळात न येणारी कड जूननंतर कापायचीच नाही. मोर, लावा, वटवट्या पावसाळ्यातच घरटी करतात, मुनिया त्याही पुढे. डिसेंबरात बी गळलं की एकदाच कापणी, मध्यापासून बाहेरच्या दिशेने. कडेकडून आत कापत गेलं तर सगळे जीव मधल्या शेवटच्या पट्ट्यात कोंडतात आणि पात्यात सापडतात. एकदाच कापल्याने डिझेल वाचतं, ते वेगळं.

(फेअरवे. खुंटी. अंड्याचं फुटकं कवच.)

अठ्ठाविसावा दिवस. खुंटी निघाली, पण मशीन लगेच सुरू करायचं नाही. टिटवीची पिल्लं अंगावरची लव वाळली की चालायला लागतात, आणि आई ओरडली की पळत नाहीत, जिथे आहेत तिथे जमिनीला चिकटतात. मशीनच्या आवाजालाही. म्हणून पुढचे काही दिवस पात्याच्या दहा पावलं पुढे एक माणूस चालतो, हातात काठी, नजर जमिनीवर.

(माणूस थांबतो. हात वर करतो.)