उंची किती होती?

ठाण्यातला कोलशेत रोड. गॅलरीतून खाडी दिसते. साध्या लाकडी खुर्चीवर बसून काका आम्हाला दाखवतात: पाठ ताठ, डोकं मागे टेकलेलं, कोपरं अंगाशी. "आता हँडल ओढायचं."

हवाई दलात काका इजेक्शन सीटची, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्चीची देखभाल करायचे. सीट चुकून सुटू नये म्हणून लावलेल्या सेफ्टी पिना उड्डाणाआधी काढायच्या आणि लाल फितींसकट वैमानिकासमोर मोजून दाखवायच्या. मगच विमान हलायचं.

प्रशिक्षणात विमान मुद्दाम गिरकीत घालतात. नाक फार वर गेलं की पंखांना उचल मिळेनाशी होते, एक पंख आधी पडतो आणि विमान गरगरत खाली येऊ लागतं. नवखा हात घाबरून स्टिक, म्हणजे विमान चालवायचा दांडा, मागे ओढतो. नेमकं तेच करायचं नसतं! इंजिनाची ताकद कमी, गिरकीच्या उलट रडर (शेपटीवरचं सुकाणू), स्टिक पुढे. जमिनीकडे वळलेलं नाक आणखी जमिनीकडे ढकलायचं. हे शिकवणारा प्रशिक्षकही त्याच विमानात असतो. त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

आणि विमान सावरलंच नाही तर? विमान सोडायची उंची आधीच ठरलेली असते. तिथवर गिरकी सुटली नाही, तर बाहेर पडायचं. "पण हातातलं विमान सोडवत नाही हो," काका म्हणतात. 'अजून एकदा बघू' म्हणेपर्यंत शेकडो फूट गेलेले असतात. हँडल ओढलं की सीट रॉकेटच्या जोरावर बाहेर फेकली जाते. अंगावर वजनाच्या दहापटीहून जास्त भार येतो, मणके दबतात, कधी मोडतातही. पण माणूस वाचतो.

2009पर्यंत आपले शिकाऊ वैमानिक ज्या 'दीपक' विमानात पहिले धडे घेत, त्यात इजेक्शन सीटच नव्हती. हे सांगताना काकांचा आवाज आजही चढतो. त्यानंतर आलेल्या पिलाटस या प्रशिक्षण विमानात ती आहे.

1 जून 2023. कर्नाटकात चामराजनगरजवळ 'किरण' हे प्रशिक्षण विमान कोसळलं. दोन्ही वैमानिक इजेक्ट होऊन वाचले.

4 डिसेंबर 2023. हैदराबादजवळच्या दुंडिगलहून उडालेलं पिलाटस तेलंगणातल्या मेडक जिल्ह्यात पडलं. प्रशिक्षक गेले, शिकाऊ वैमानिकही गेला.

दोन्ही बातम्या काकांनी याच घरात ऐकल्या. दोन्ही वेळा त्यांनी आधी एकच विचारलं, "उंची किती होती?"